शिळाछापाची तीन पानं

बारामतीच्या हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर होतो. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. निसर्गचित्र काढा म्हटलं की वर्गातली झाडून सगळी पोरं दोन त्रिकोणी डोंगर काढायची, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठाला झोपडी आणि एक नारळाचं झाड. गावात असला डोंगर नाही आणि नारळ पोरांनी देवळात फुटताना तेवढा पाहिलेला. खिडकीबाहेर बघा रे, म्हणून मी घसा फोडायचो. पोरं इमानेइतबारे बाहेर बघायची आणि पुन्हा तेच दोन त्रिकोण काढायची. मी पट्टीनं मारायचो त्यांना. घरी सांगितलं तर बाप आणखी दोन ठेवून द्यायचा, त्यामुळं तक्रार कुणाची नव्हती.

मला स्वतःला डोंगरांचा नाद होता, पण तो कागदावरच्या डोंगरांचा. विलायती शिळाछाप अल्बम मी गोळा करायचो. शिळाछाप म्हणजे दगडावरून घेतलेला छाप. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाई फिरवायची. ओला दगड शाई धरत नाही, तेलकट रेघ धरते. त्यावर कागद दाबला की चित्र उलटं होऊन उमटतं. सांगायला इतकंच. पण शंभर वर्षांपूर्वी तिकडं या कामात असे हात तयार झाले होते की ढगात तुम्हाला दगडाचा दाणा दिसतो आणि तरी तो ढगच वाटतो. हौशी लोक पडके किल्ले, तळी, धबधबे, कडे बघत हिंडायचे आणि त्या दृश्यांचे जाडजूड अल्बम निघायचे. प्रत्येक चित्रात कुठंतरी काठी टेकून उभा असलेला करंगळीएवढा माणूस असायचाच, त्या सगळ्याकडं आ वासून बघणारा. साहेब लोक इकडं येताना सामानातून हे अल्बम घेऊन आले आणि जाताना टाकून गेले. पुण्याच्या जुन्या बाजारात, रद्दीवाल्यांकडं, एका बंद पडलेल्या क्लबाच्या माळ्यावर हिंडून मी असे काही मिळवले होते. बायको म्हणायची, "डोंगरच बघायचेत तर जेजुरीला जाऊन या, तेवढंच पुण्य लागेल."

इंदापूरच्या बाजूला कालव्याकाठी इंग्रज इंजिनिअरांसाठी बांधलेला एक बंगला होता. साहेब गेल्यावर बरीच वर्षं तो कुलपात होता आणि मग कधीतरी आतल्या सामानाचा लिलाव निघाला. मला कळलं तेव्हा लिलाव उरकला होता आणि सगळा माल बारामतीच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं उचलला होता. त्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. मी धावतपळत दुकानी गेलो तर चाचा हसत उठले आणि फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या मास्तर. तुमच्यासाठीच ठिवलाय. दुसऱ्या कुनाला दावला बी न्हाय."

तो अल्बम म्हणजे माझ्या आयुष्यातलं घबाड होतं. नावाचं पहिलं पान फाटलेलं, त्यामुळं देश कोणता ते आजवर मला कळलं नाही, पण प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात आकडा छापलेला होता. मी दुकानाच्या पायरीवरच पानं उलटायला बसलो. एक, दोन, तीन आणि एकदम पाच. पुढं अकरा नाही. त्याच्यापुढं एकोणीस नाही. पानं फाटलेली नव्हती, ब्लेडनं सरळ कापून काढली होती. मी चाचांना विचारलं, यातली तीन पानं कुठं गेली?

"ती व्हय? ती फ्रेमात घातली," चाचा म्हणाले. बंगल्यात सागवानी लाकडाच्या तीन भल्यामोठ्या फ्रेमा निघाल्या होत्या. त्यात राजा, राणी आणि कुणीतरी मिशाळ लाटसाहेब. "आता राजाला कोन घेतंय, मास्तर? राजा काढला आन् डोंगर घातलं. भिताडावर शोभतील अशी चांगली तीन बगून काढली. तासाभरात खपल्या फ्रेमा. निरवांगीचा एक बागायतदार हिरीचं पाइप न्यायला आला हुता, त्यानं नेल्या."

चाचांनी माझ्यासाठी अल्बम जपून ठेवला होता आणि त्यातूनच पानं कापली होती. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. एवढ्या जाड पुस्तकातली तीन पानं गेली तर पुस्तकाचं काय बिघडतं? त्यांचा गळा धरावासा वाटला मला. पण दुकानदार चांगला होता, जुन्या वस्तू पुढंही लागणार होत्या. मी गप्प घरी आलो आणि पुढच्याच रविवारी इंदापूरची एसटी धरली.

फाट्यावर उतरून पुढं बराच वेळ उसातून चालायला लागायचं. बागायतदाराला सगळे तात्या म्हणत. पन्नाशीचा, तांबूस डोळ्यांचा, धिप्पाड माणूस. कालव्याच्या पाण्यावर मोसंबी, वांगी, कांदे काढायचा आणि पुण्याच्या बाजाराला पाठवायचा. त्याच्या सोप्यात देवांच्या तसबिरींखाली तिन्ही फ्रेमा एका ओळीत टांगलेल्या होत्या.

चार नंबरात नदीच्या काठी छप्पर उडालेलं जुनं चर्च होतं, कमानींतून आकाश दिसत होतं आणि खाली एक बाई पाण्यात वाकून कपडे धूत होती. अकरा नंबरात चांदण्यातलं तळं आणि त्यात एकच होडी. चंद्र म्हणजे कागदाची कोरी सोडलेली जागा, बाकी काही नाही. एकोणीस नंबरात दरीवरचा लाकडी पूल, वादळ, आणि पुलाच्या मध्यावर घोडा बिचकल्यानं अडकलेला एक स्वार. माझ्याकडं राहिलेली पानं चांगली होती, नाही म्हणत नाही. पण या तिन्हींच्या वेळी त्या माणसाचा हात काही वेगळाच लागला होता. चाचांचा डोळा पक्का. मी उभाच राहिलो. किती वेळ कोण जाणे.

माझा चेहरा तात्यानं वाचला. तोवर त्यानं त्या चित्रांकडं धड पाहिलंही नसेल. त्यानं लाकूड बघून फ्रेमा घेतल्या होत्या. मी म्हटलं, तात्या, ही तीन चित्रं मला द्या, फ्रेमा तुम्हालाच राहू देत, मी त्यात विठोबा घालून देतो, राम घालून देतो, म्हणाल तो देव घालून देतो. तात्या माझ्याकडं बघत राहिला. मग वळून चित्रांकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"इतकी चांगली हायती व्हय?" तो म्हणाला.

तिथं माझी माती झाली. त्या दिवसापासून तात्या चित्रांचा शौकीन झाला. मला चित्रांचा नाद होता, त्याला माझ्या नादाचा लागला. फुडच्या खेपंला बगू, म्हणायचा. मी पुढच्या खेपेला जायचो. मग आधी मोसंबीच्या बागेतून फिरवायचा, विहीर दाखवायचा, जेवायला घालायचा. पान लावून झालं की सोप्यात न्यायचा. पाहुणे असले तर मला उभं करायचा. "हे मास्तर बारामतीवनं येत्यात ह्या तीन कागदांसाठी. सांगा ओ मास्तर, काय हाय त्यात." मी सांगायचो. दगड, खडू, शाई, सगळं सांगायचो. पाहुणे तोंडात सुपारी घोळवत ऐकायचे आणि माझ्याकडं बघायचे, चित्रांकडं कुणी बघायचं नाही.

मी एकदा त्याला म्हटलं, शहरात या असल्या चित्रांना आता कुणी विचारत नाही. तो म्हणाला, "मग तुमी कशाला येताय?"

दुसऱ्या एका खेपेला बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून निघून गेलं की असल्या कागदांना ऊन सोसत नाही, छाप उडतो, कागद पिवळा पडतो. "ऊन लागलं की मरत्यात व्हय?" तात्यानं विचारलं. मरतात, मी म्हटलं. पुढच्या रविवारी गेलो तर चांदण्यातलं तळं मावळतीच्या दारासमोरच्या भिंतीवर आलं होतं आणि त्याच्यासमोर माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. चहा आला. दारातून आलेलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीला लागलं, भिंतीवर चढायला लागलं. तात्या बशीतून चहा ओढत होता. "हं, आलं बगा," तो म्हणाला. ऊन फ्रेमेच्या खालच्या कडेला टेकलं, पाण्यावर आलं, होडीवर आलं. मी हात जोडले. तेव्हा कुठं तो उठला आणि वर एक गोणपाट टाकलं. पुढं हाच शिरस्ता पडला. दर खेपेला चहा, ऊन, माझे जोडलेले हात आणि गोणपाट. कधी तो जरा लवकर उठायचा, कधी जरा उशिरा. चंद्राच्या बाजूचा कागद पिवळा पडत गेलेला मला दिसत होता.

मी जाणं का सोडलं नाही, असं बायको विचारायची. सोडलं तर ती पानं दिसणार नव्हती, एवढंच. मला तो अल्बम पुरा करायचा होता. शाळेतली नोकरी, पोरांचे त्रिकोण, पगार, प्रमोशन, कशाचंच मला काही वाटत नव्हतं. ती तीन पानं आपल्या जागी बसलेली बघायची आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं मी मनाशी म्हणायचो.

तात्याला ते पुरतं ठाऊक होतं. त्यानंही मग उलटं मागणं काढलं. "तुमचं पुस्तकच मला द्या, मास्तर. सगळी हितं ऱ्हातील. तुमी येत जावा बगायला." हे तो हसत म्हणायचा, पण पुढं पुढं गावभर सांगत सुटला, मास्तराचं पुस्तक ह्या घरात आल्याबिगर मी मरत न्हाय म्हणून.

घरात तात्याची बायको होती. सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणायचो. एवढ्या वर्षांत माझं तिच्याशी बोलणं चहा पुरे आणि भाकरी नको यापलीकडं गेलं नव्हतं. एका रविवारी पाहतो तर चार नंबरच्या, त्या पडक्या चर्चच्या फ्रेमेला झेंडूचं फूल खोवलेलं आणि काचेवर हळदीकुंकू. तात्यानं तिला हाक मारून बाहेर बोलावलं.

"ह्यो कंचा देव गं?"

"पडकं देऊळ हाय," काकी म्हणाली. "तितं कोन दिवा लावत नसंल म्हनून वाह्यलं फूल."

तात्या खोकला लागेपर्यंत हसला. "सांगा मास्तर हिला." मी सांगितलं की हे देऊळ नाही, परक्या मुलखातलं चर्च आहे, आणि खिशातला रुमाल काढून काचेवरचं कुंकू पुसलं. कुंकवाची पूड फटीतून आत गेली तर कागदाला डाग पडतो. "हिला काय कळतंय त्यातलं," तात्या म्हणाला. "त्यातलं आपल्या दोगांलाच कळतंय." मी हसलो. तात्याला खूश ठेवणं भाग होतं. काकीनं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

नंतर तात्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. बातमी बारामतीच्या भाजीबाजारात मला कळली आणि त्या रविवारी मी अल्बम फडक्यात बांधून सोबत घेतला. तोवर तो मी कधी घराबाहेर काढला नव्हता. तात्या सोप्यातच खाटेवर होता, पाठीशी लोड देऊन बसवलेला. डोळे मात्र तेच, तांबूस, सगळं समजणारे.

"घ्या तात्या," मी म्हटलं, "आला अल्बम तुमच्या घरात." त्याच्या मांडीवर ठेवला आणि एकेक पान उलटत गेलो. घाई केली नाही. दगडाचा दाणा दाखवला, ढग दाखवले, करंगळीएवढा माणूस दाखवला. तिसऱ्यानंतर पाचवं आलं तेव्हा थांबलो. "चार यात नाही. चार तुमच्याकडं." अकराशी थांबलो. एकोणिसाशी थांबलो. त्यानं डावा हात उचलून पानावर ठेवला आणि मुठीत धरायला गेला. मी तो हात मनगटाला धरून बाजूला केला, गोधडीवर ठेवला, अल्बम मिटला आणि फडक्याला गाठ मारली. त्याच्या घशातून आवाज आला. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, अल्बम घेऊन. त्याच्या पुढच्याही गेलो. मला फार बरं वाटायचं परतीच्या एसटीत. त्याचं आजही वाईट वाटत नाही. उन्हाचा हिशेब बाकी होता.

काकी दाराच्या चौकटीशी उभी राहून हे बघत असायची. एकदा निघताना मी तिला म्हटलं, "काकी, आता ती तीन चित्रं मला देऊन टाका. त्यांना काय करायचीत आता?"

"त्यास्नी इचारा," ती म्हणाली.

"त्यांना बोलता कुठं येतंय?"

"व्हय म्हनले की न्या."

ज्या माणसाला व्हय म्हणता येत नव्हतं त्याच्याकडं बोट दाखवून ती आत गेली. आठ-पंधरा दिवसांत तात्या गेला.

दहाव्याला मी गेलो. नदीच्या वाळूत विधी चालले होते. पिंड मांडले आणि सगळी पुरुष माणसं मागं सरकून हात जोडून उभी राहिली. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. हे सगळ्यांच्या परिचयाचं. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की कावळा शिवत नाही, मग त्याची इच्छा ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा. तात्याचा थोरला म्हणाला, आईला अंतर देणार न्हाय. कावळे बसून. धाकटा म्हणाला, आमी भाऊ भांडणार न्हाय, मळा वाटणार न्हाय. कावळे बसून. भाऊबंदांनी जो तो आपापल्या परीनं शब्द दिला. ऊन तापायला लागलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले, आणि त्यात घराण्याची शोभा नसते.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तराला फुडं करा. तात्याचा जीव त्या पुस्तकात हाय."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. थोरल्यानं येऊन माझा हात धरला. "मास्तर, बोला. देतो म्हना." त्याचं मुंडण केलेलं डोकं घामानं चमकत होतं, डोळ्यांत पाणी होतं.

मला काय सुचावं? देतो म्हणणं शक्य नव्हतं. पिंडावर बोललेलं मोडायचं नसतं, तेवढी लाज मलाही होती. नाही म्हणालो असतो तर त्या वाळूतून धडपणी परत आलो नसतो. आणि त्या घटकेला माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं. मी पुढं झालो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "तात्या, ती सगळी चित्रं एका ठिकाणी येतील. मी शब्द देतो."

कोणत्या ठिकाणी, ते कुणी विचारलं नाही. बाभळीवरून एक कावळा उतरला, वाळूत दोनदा उडी मारून पिंडाशी आला आणि चोच मारली. मग बाकीचे उतरले. लोकांनी सुस्कारे सोडले. थोरला माझ्या पाया पडला. "तुमच्यामुळं सुटला तात्या." मी त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. सगळी एका ठिकाणी येतील, म्हणजे ती तीन आता त्यांना माझ्याकडं द्यावीच लागणार होती. अल्बम तर माझाच होता, पानं अल्बमातच येणार. ती जागच्या जागी कशी बसवायची, खळ कोणती वापरायची, याचा विचार करत मी बारामतीला पोचलो.

तेराव्याला जाताना दोन जाड पुठ्ठे आणि पातळ कागद बरोबर घेतले, पानं दुमडू नयेत म्हणून. सोप्यात पाऊल टाकलं तर भिंती मोकळ्या. फ्रेमांच्या जागी चुन्याचे उजळ चौकोन. काकीनं काढून तयार ठेवली असणार असं मला वाटलं. कधी नव्हे ते मी गोडाचं पोटभर जेवलो. पंगती उठल्यावर काकीला गाठलं आणि म्हटलं, "काकी, ती चित्रं घेऊन जातो मग."

"ती गेली की," काकी म्हणाली.

"कुठं गेली?"

"नदीत. कावळा शिवला म्हनून सांगत आली मानसं, तवा धाकट्याला म्हनलं, पिंड सोडलं तितंच ही बी सोडून ये. त्यांचा जीव हुता त्यात. फ्रेमा ठिवल्यात, काचा चांगल्या हायती." तिनं पदर सारखा केला. "कागुद लगीच बुडत न्हाय म्हनं. लई येळ तरंगत हुते, पोरगं सांगत हुतं."

माझ्या हातात ते पुठ्ठे होते.

"आता तुमची ऱ्हायली," काकी म्हणाली.

"माझी काय?"

"तुमचं पुस्तक. सगळी एका ठिकानी येतील म्हनून बोललाय तुमी, पिंडावर. तीन गेली तितं. बाकीची कवा सोडताय?"

हे ती चार लोकांत बोलली. जेवून सुपारी खात बसलेले सगळे भाऊबंद माना हलवत होते, व्हय, बोललेत मास्तर, आमी हुतो. नंतर कितीतरी रात्री मी तळमळत त्या वाक्याची उलटसुलट मांडणी केली. एका ठिकाणीऐवजी अल्बमात म्हणालो असतो तर? पण अल्बमात म्हणालो असतो तर ते ठिकाण त्यांनाही कळलं असतं. मी इतकी हुशारी केली होती की वाक्यात माझं नावच ठेवलं नव्हतं.

मी अल्बम सोडला नाही. मग त्यांनी मला सोडलं नाही. दर पितृपंधरवड्यात निरवांगीचा कुणीतरी माणूस माझ्या दारात यायचा, पायरीवर टेकायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "काकीनं इचारलंय, सोडली का?" नाही म्हटलं की उठून जायचा. तात्याच्या घरची गाय मेली, माझ्यामुळं. मोसंबीला कीड लागली, माझ्यामुळं. बाजाराच्या दिवशी तिकडचे भाजीवाले मला लांबून बोटानं दाखवायचे. एसटीत अनोळखी माणूस विचारायचा, तुमीच का ते मास्तर? इंदापुरात मेहुणीच्या घरचं लग्न होतं, मी ताप आल्याचं सोंग करून घरी राहिलो. शेवटी बायकोही म्हणायला लागली, "एकदाचं टाका की नदीत. पिंडावर बोलून कुणी असं बसतं का?" ती तीन पानं आठवणीनं काढायचाही प्रयत्न मी केला. मी ड्रॉइंग मास्तर, इतके रविवार त्यांच्यासमोर घालवलेले. काढली आणि फाडली. चंद्र कोरा सोडला की तो नुसता कोरा कागद दिसायचा.

एका बाजारच्या दिवशी काकी स्वतः आली. धाकटा तिला दाराशी सोडून बियाणं आणायला गेला. ती आत येऊन बसली आणि म्हणाली, "दावा की मला ते पुस्तक."

एवढ्या वर्षांत ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं माझ्याकडं. मी ते काढलं. तिनं आधी मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला कोरडे केले आणि मग अल्बम पुढ्यात घेतला. कोपऱ्याला दोन बोटांनी धरून पान उलटत होती. घाई नाही, बोलणं नाही. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. ब्लेडनं कापलेली कड आली की तेवढी थांबायची आणि पुढं जायची. शेवटचं पान बघून झाल्यावर तिनं अल्बम मिटला आणि माझ्याकडं सरकवला.

मी विचारलं, "काकी, आता तरी खरं सांगा. तात्यांना गती मिळावी म्हणून सोडलीत ती चित्रं?"

"कावळा तर आदीच शिवला हुता, मास्तर," ती म्हणाली.

बाहेर बाजाराचा कालवा चालला होता. बायको आत भांडी लावत होती. काकीनं निवलेला चहा उचलून पिऊन टाकला आणि कप बशीत ठेवला.

"ह्यातलं एक बी त्या तिन्हींच्या तोडीचं न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. ह्यांच्यापायी नदीपातुर कशाला जाताय."

मी वाद घातला नाही. ती म्हणत होती ते खरंच होतं. चाचांच्या दुकानाच्या पायरीवर नाही, पण निरवांगीच्या त्या सोप्यात पहिल्या दिवशी मला ते कळलं होतं. धाकटा हाक मारत आला तशी ती उठली, वहाणा घातल्या आणि इंदापूरची गाडी किती वाजता म्हणून माझ्या बायकोला विचारून निघून गेली.

त्या पितृपंधरवड्यात मी शाळेतून आलो की पायरीवर बसून राहायचो. निरवांगीहून कुणी आलं नाही.